पाहुण्यांची सोय

भांडुप,
३ ऑगस्ट २०२५

ती. ताईस,
चंदूचा शि. सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, गेले सहा दिवस मी उकिडवा बसून, तांब्या-तांब्याने आंघोळ करतो आहे. त्रेपन्नाव्या वर्षी एका करदात्या नागरिकावर ही वेळ यावी आणि त्याची कुठे दखलही घेतली जाऊ नये, याचा खेद वाटतो. माझा निळा टब गेला. गेला म्हणजे आहे तिथेच आहे, बाथरूममध्ये, उत्तरेच्या भिंतीला. पण त्यावर माझा हक्क उरलेला नाही. त्यात एक कासव राहतं.

झालं असं की चौथ्या मजल्यावर सिद्धेश नावाचा एक भाडेकरू होता. तोंडाने गोड, म्हणून आमच्या सौ.चा लाडका. मागच्या सोमवारी तो खोकं घेऊन दारात उभा राहिला. काका, दोन दिवस सांभाळा, म्हणाला. घरात कासव असलं की बरकत येते. तिसऱ्या दिवशी तो सामानासकट बेंगळुरूला गेला. फोन बंद आहे. बरकत बहुधा त्याच्याबरोबर गेली, कासव इथे राहिलं.

रुचिराला यात काही वावगं वाटत नाही. तिने चार वर्षं पितळेचं कासव ताटलीभर पाण्यात, उत्तरेकडे ठेवलंय, ते तू पाहिलंयस. त्या कासवाने आजवर आम्हाला काही दिलं नाही, पण मागितलंही नाही. आता खरं कासव आलं म्हटल्यावर तिने तोच नियम लावला. उत्तर दिशा, चार बोटं पाणी, वर हळदकुंकू. ताटली पुरेना, म्हणून टब.

पंचाईत ही की ते काही खात नाही. भात दिला, चपाती दिली, आमच्या गंधालीने कॉलेजच्या डब्यातला उपमा दिला. मान आत ती आतच. बाकी दिवसभर टबाच्या भिंतीला पुढचे पाय लावून चढायला बघतं, घसरतं, पुन्हा लावतं. आमच्या ऑफिसात बढतीची वाट बघणारी माणसं मी पाहिली आहेत, पण त्यांच्यातही एवढी चिकाटी नाही. त्याची ती धडपड बघून मलाही स्वस्थ बसवत नाही. पेपर हातात घेतो, चार ओळी वाचतो, उठून बाथरूममध्ये डोकावून येतो. रुचिरा म्हणते, डॉक्टरला दाखव. कासवाला की मला, ते तिने सांगितलं नाही.

तू चार मांजरांची अन्नदाती. याला काय घालावं आणि किती पाण्यात ठेवावं, ते उलट टपाली कळव. फोन करत नाही. आपलं वर्षापूर्वी ठरलंय तसं पत्रच बरं, तुझ्या कानांना तेवढाच आराम.

टब गेला तरी लोभ जाऊ नये, ही विनंती.

तुझा,
चंदू

*

कांदिवली,
८ ऑगस्ट

चि. चंदूस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून एवढी हसले की निलेश आतून धावत आला, आईला काय झालं म्हणून. मेल्या, आंघोळ उकिडवं बसूनच करतात. बाबांनी जन्मभर तशीच केली आणि शहाऐंशीव्या वर्षी गेले. टब हे तुझं लग्नानंतरचं खूळ.

कासवाला भात-चपाती? ते काय पंगतीला बसलंय? पाण्यातला जीव तो, त्याला जवळा दे. सुका जवळा मूठभर पाण्यात सोड आणि बघ. आपल्या घरात जवळ्याला नको म्हणालेला प्राणी मी अजून पाहिला नाही, तुला धरून. आणि चार बोटं पाणी काय ठेवतोस, ताटलीतलं आहे का ते? टब भर, पोहू दे त्याला. पाणीखात्यात सव्वीस वर्षं काढलीस आणि पाहुण्याला पाणी देताना हात आखडतोस.

इकडचं म्हणशील तर निलेशने कानाचं मशीन आणलं. तीन दिवस लावलं. भांडी घासायला घेतली की डोक्यात कोणी पत्रा कापतोय असं होतं, आणि माणसं बोलतात ते पहिल्यासारखंच पुसट. म्हणून कपाटात ठेवून दिलंय. निलेश रागावला. रागावला ते चेहऱ्यावरून कळलं, काय बोलला ते नाही. हल्ली ओठांवरून मला एकच वाक्य पक्कं वाचता येतं, 'जाऊ दे, काही नाही.' दोनदा 'काय?' विचारलं की घरातले, शेजारचे, भाजीवाला, सगळे तेच म्हणतात. मग मीही विचारत नाही.

तू ही पत्रांची युक्ती काढलीस ते माका बरा वाटला. पत्राला 'काय?' म्हणावं लागत नाही, दुसऱ्यांदा वाचलं की झालं. नाहीतर माझ्याशी पूर्ण वाक्य बोलणारं आता कोण राहिलंय?

कासवाचं पोट भरलं की कळव. रुचिरा, गंधालीला आशीर्वाद, तुला कान पिरगाळून आशीर्वाद.

तुझी,
ताई

*

भांडुप,
१४ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझा सल्ला तंतोतंत पाळला. त्यामुळे कासव जवळजवळ मेलं.

टब काठोकाठ भरला, जवळा सोडला आणि मी दाढी करायला गेलो. आलो तर कासव तिरपं झालेलं, चारी पाय झाडतंय, नाक एकदा वर येतंय, एकदा खाली जातंय. पोहणं असं नसतं हे मलाही कळलं. तरी बाहेर काढायचं सोडून मी काय केलं, तर तुला फोन लावला. एका हातात साबण, एका हातात फोन, आणि मी बोंबलतोय की ताई, त्याचे पाय तळाला लागत नाहीत. तीनदा सांगितलं. आणि तू शांतपणे म्हणालीस, "तळायला कशाला? कच्चाच दे."

शेवटी रुचिराने येऊन एका हाताने त्याला उचललं आणि दुसऱ्याने माझा फोन काढून घेतला. मुलुंडच्या प्राण्यांच्या डॉक्टरांना विचारलं. त्यांनी फोनवर एकच प्रश्न केला, पायाच्या बोटांत पडदे आहेत की पाय हत्तीसारखे. म्हटलं हत्तीसारखे. ते म्हणाले, मग ते जमिनीवरचं आहे, त्याला पोहता येत नाही, आणि ते पाला खातं, मासळीला तोंड लावत नाही. कसं आहे, पाण्यातलं काय, जमिनीवरचं काय, आपण दोघांनाही कासवच म्हणतो. आपल्या भाषेला एक शब्द कमी पडला आणि हे बिचारं शुद्ध शाकाहारी कासव आपण जवळ्यात बुडवलं. डॉक्टर म्हणाले, आणून दाखवा. बघू.

हा किस्सा मी ऑफिसात सांगितला, दोघांना ठसका लागला. कानाचं मशीन कपाटात आणि कासव पाण्यात, दोघांच्याही जागा चुकल्या, असं मी वर जोडलं. ते जास्त आवडलं लोकांना.

आमच्याकडे त्याला ठेवायला फूटभर माती नाही. तुझ्या मागच्या दारी अंगण आहे. रविवारी घेऊन येतो. नाही म्हणू नकोस.

लोभ आणि कासव दोन्ही सांभाळशील या खात्रीने,
चंदू

*

कांदिवली,
२२ ऑगस्ट

चि. चंदूस,
अ. उ. आ.

पाहुणे मजेत आहेत. हो, मी त्यांना पाहुणेच म्हणते. नाव ठेवलं की माणूस अडकतं.

राहायची सोय अशी केली. बैठकीतलं जुनं लाकडी शोकेस निलेश भंगारात देणार होता, त्याच्या काचा काढून ते अंगणात आडवं टाकलं. अर्ध्यात माती, अर्ध्यात सुकं गवत, एका कोपऱ्यावर पत्रा, म्हणजे पाऊस लागणार नाही. पाण्याला मातीच्या पणतीएवढं भांडं, ज्यात तुझा विनोदही बुडायचा नाही.

खाण्याची तर गंमतच झाली. शेवग्याचा पाला ठेवला, थोडा खाल्ला. निवडुंगाचा फडा काटे काढून ठेवला, वास घेतला. मग सकाळी पूजेला काढलेल्या दूर्वा हातातून पडल्या, तर पाहुणे लगबगीने आले आणि जुडीच्या जुडी फस्त. मागोमाग जास्वंदीचं लाल फूल. म्हणजे आवड गणपतीची. देवाला एकवीस वाहिल्या तर यांना बेचाळीस लागतात. आता मी उठते ती आधी अंगणात जाते.

चंदू, तुला एक सांगू? दोन वर्षांत एवढं बरं कुणाच्या शेजारी वाटलं नव्हतं. मी पाट टाकून बसते, पाहुणे चावत असतात. त्यांना काही सांगायचं नसतं आणि मला काही ऐकायचं नसतं. त्यांचा आवाजच नाही, म्हणजे माझं काही हुकतही नाही. तिथे मी बहिरी नसते. तिथे आम्ही दोघंही सारखेच.

शेजारची मृणालिनी, ती बाळंतीण, भिंतीवरून रोज हातवारे करून काहीतरी सांगते. मी हसून मान डोलावते. पाहुण्यांचं कौतुकच करत असणार.

गणपतीला येते. मृणालिनीच्या सासूला दूर्वा देऊन ठेवीन. मोदकाचं सारण मीच करीन, रुचिराला सांग, तिचं सारण पाणचट होतं. हे वाक्य तिला वाचून दाखवू नकोस.

माया आहेच, ती मोजायची नसते.

तुझी,
ताई

*

भांडुप,
३ सप्टेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

गणपती छान झाले. तुझ्या सारणाबद्दल अजून फोन येतायत. आणि आरतीनंतर मी तळायचा किस्सा सांगितला तेव्हा अख्खी खोली हसली, सगळ्यांत जास्त तू हसलीस. मला बरं वाटलं. माणसाला स्वतःवर हसता आलं पाहिजे.

आता एक वाईट बातमी. चार दिवस ती कशी लिहावी याच विचारात होतो. ऑफिसात चुकीच्या फायलीवर सही केली, घरी येताना छत्री विसरलो. गंधालीने तुझ्या अंगणात काढलेला पाहुण्यांचा फोटो मुलुंडच्या डॉक्टरांना दाखवला. पाठीवर पिवळ्या रेघांच्या चांदण्या आहेत ना, त्या बघून ते खुर्चीतून उठलेच. ते चांदणी कासव आहे. ते घरात ठेवायला कायद्याने बंदी आहे. विकत घेणं, देणं, सांभाळणं, सगळा गुन्हा. बरकत बरकत म्हणून लोक चोरून ठेवतात. सिद्धेशला हे माहीत असणार, म्हणून तर खोकं माझ्या हातात आलं.

डॉक्टर म्हणाले, वनखात्याला स्वतःहून कळवा आणि देऊन टाका, आधी ते तपासतील, मग त्याच्या मुलखात सोडायचं बघतील. मला ठाऊक आहे तुला त्यांचा लळा लागलाय. पण ताई, ते द्यावे लागतील. रागावू नकोस. रागावलीस तर माझ्यावर रागाव, कायद्यावर नको.

लोभ कमी न व्हावा,
चंदू

*

कांदिवली,
९ सप्टेंबर

चि. चंदूस,
आशीर्वाद.

मी जास्त हसले कारण सगळे हसत होते. कशाला हसतायत ते मला माहीत नव्हतं. माणसं हसली की हसायचं, माणसं गंभीर झाली की पदर नीट करायचा, हे मी दोन वर्षांत शिकले. समोरचा तोंड मिटेपर्यंत त्याच्याकडे बघत राहायचं, म्हणजे चुकत नाही.

निघताना मी गंधालीला विचारलं, बाबा काय सांगत होता. ती टाळत होती. मी सोडलं नाही, तेव्हा तिने मोबाइलवर लिहून दाखवलं. पोरगी लिहिताना रडत होती.

म्हणजे दहा-बारा माणसांत बसून मी माझ्यावरच हसत होते. तुका काय वाटला, माका कळाचा नाय?

पाहुणे मी देणार नाही. कायदा काय म्हणायचा तो म्हणू दे. त्यांच्यासमोर बसताना कधी हसायचं ते मला तोंडाकडे बघून ठरवावं लागत नाही. पोलीस आले तर मला ऐकू येणार नाहीच.

या पत्राला उत्तर नको.

रत्नप्रभा

*

कांदिवली,
१८ सप्टेंबर

चि. चंदूस,

रविवारी तू येऊन पाऊण तास पायरीवर बसून गेलास, असं मृणालिनीने सांगितलं. बेल मला ऐकू आली नाही. ऐकू आली असती तर दार उघडलं असतं का, ते विचारू नकोस.

लिहिते आहे ते पाहुण्यांसाठी. परवा दुपारी ती मृणालिनी मूल कडेवर घेऊन थेट अंगणात आली. मी नेहमीसारखी हसून मान डोलावली. ती काही हलली नाही. आत जाऊन वही घेऊन आली आणि तिने लिहिलं की काकू, तुमचं कासव रोज दुपारभर लाकूड खरवडतं, बाळ झोपत नाही, मी महिनाभर सांगतेय.

मला आधी राग आला. म्हटलं खोटं बोलते. पाहुण्यांचा आवाज नाही. मग ती माझा हात धरून शोकेसपाशी घेऊन गेली आणि तळवा लाकडावर टेकवून उभी राहिली, माझ्या हातावर तिचा हात. चंदू, लाकूड थरथरत होतं. थांबायचं, पुन्हा थरथरायचं. मी वाकून बघितलं. कोपऱ्यातलं लाकूड बोटभर खोल गेलंय. सकाळी मी दूर्वा द्यायला यायची तेव्हा ते खात असायचे, म्हणून मला कधी दिसलं नाही. बाकी सगळा वेळ ते बाहेर पडायला बघत होते आणि मी पाटावर बसून समजत होते की आम्ही दोघं सुखात आहोत.

त्यांचा आवाज होता. मला येत नव्हता, एवढंच. आणि मी तुमच्या सगळ्यांसारखंच केलं. हसले, मान डोलावली.

मृणालिनीकडून वनखात्याला फोन करवला. काल दोघं जण आले, त्यातली एक तरुण मुलगी होती. लिहून घेतलं, रागावले नाहीत. मी काय काय खायला घातलं ते मुलीने विचारलं, मी जवळ्याचं सोडून सगळं सांगितलं. मला एकदा समजलं नाही तर ती समोर येऊन, तोंड दिसेल अशी उभी राहिली आणि पुन्हा सावकाश म्हणाली. पाहुण्यांची तब्येत चांगली आहे म्हणाली. खोक्याला भोकं होती. त्यातून पाय बाहेर काढायला बघत होते, जाईपर्यंत.

शोकेस अजून तिथेच आहे. अंगणात जावंसं वाटत नाही आणि आतही बसवत नाही. सिद्धेशचं नाव आणि तुझा पत्ता त्यांना दिलाय, जबाब द्यायला जा.

ताई

*

भांडुप,
२१ सप्टेंबर, रविवार, सकाळ

ती. ताईस,
शि. सा. न.

जबाब काल देऊन आलो. सगळं खरं सांगितलं, टबासकट.

हे पत्र तीनदा फाडलं. प्रत्येक वेळी दुसऱ्या-तिसऱ्या ओळीला काहीतरी गमतीचं सुचायचं आणि मी ते लिहून टाकायचो. आता साधं लिहितो.

गणपतीत मी केलं ते वाईट केलं. तू समोर बसलेली असताना, तुला ऐकू येणार नाही या भरवशावर केलं. ऐकू येत असतं तर मी तो किस्सा तुझ्यासमोर सांगितला नसता, आणि म्हणूनच तो सांगायला नको होता. तू हसलीस ते बघून मला बरं वाटलं, असं मी लिहिलं होतं. ते खरं नव्हतं. हसताना तू माझ्या तोंडाकडे बघत होतीस, ते मला तेव्हाच दिसलं होतं. मी नजर वळवली आणि पुढचं वाक्य सांगितलं. ताई, मला माफ कर.

आणखी एक आहे, ते तुला कुणी लिहून दाखवणार नाही, कारण ते फक्त मला माहीत आहे. पत्रांची युक्ती मी तुझ्या कानांना आराम म्हणून काढली नव्हती. फोनवर एकच गोष्ट चार-चार वेळा सांगायचा मला कंटाळा आला होता. पत्रात मी एकदा बोललो की सुटलो. बाकीचे तुला 'जाऊ दे, काही नाही' तोंडावर म्हणाले. मी ते टपालाने म्हणालो, वर्षभर, आणि तू त्याबद्दल माझं कौतुक केलंस.

मशीन लाव की लावू नकोस, ते मी सांगणार नाही. ते तुझं तू आणि निलेश बघा. कानांचे डॉक्टर ते पुन्हा बसवून, आवाज कमीजास्त करून देतात म्हणे. तुला जायचं असेल तर मी येईन आणि तुझ्या वतीने एकही उत्तर देणार नाही.

हे पत्र पेटीत टाकत नाही. स्वतः घेऊन येतोय, आत्ताच निघतो. बेल वाजवणार नाही. मागच्या बाजूने, अंगणातून येईन आणि तुला दिसेन असा उभा राहीन. पत्र तुझ्या हातात देईन. तू वाच, मी समोर बसतो. वाचून झाल्यावर तू 'काय?' म्हणालीस तर पुन्हा सांगेन. पाचव्यांदा म्हणालीस तरी सांगेन. तुला बोलायचं असेल ते बोल, ओरडायचं असेल तर ओरड, माझे कान चांगले आहेत.

लोभाचं समोर बसून विचारीन.

तुझा,
चंदू